तटबंद चर्चे : ट्रान्सिल्व्हेनियातील खेड्यांची युद्धसज्जता

प्रार्थनास्थळाचे दार सर्वांसाठी उघडे असावे, ही अपेक्षा जवळजवळ प्रत्येक धर्मपरंपरेत आढळते, आणि नेमक्या याच अपेक्षेमुळे शस्त्र घेऊन आत शिरणाऱ्या माणसापुढे प्रार्थनास्थळ अत्यंत असहाय ठरते. ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी तेथे आबालवृद्ध निःशस्त्र जमतात, त्यांचे चित्त प्रार्थनेत गुंतलेले असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली चांदीची पात्रे, मौल्यवान वस्त्रे व गावाची दप्तरे त्याच छपराखाली ठेवलेली असतात. चर्चमध्ये आश्रय घेतलेल्यावर हात टाकू नये, असा मध्ययुगीन युरोपात संकेत होता आणि त्याला धर्मसत्तेच्या नियमांचे पाठबळही होते. परंतु हा संकेत न मानणारा शत्रू वेशीवर आला म्हणजे नियमाचा काहीच उपयोग नसे. या प्रश्नाला आजच्या रुमानियातील ट्रान्सिल्व्हेनिया या प्रदेशातील जर्मनभाषक शेतकऱ्यांनी १५ व्या आणि १६ व्या शतकांत जे उत्तर दिले, ते युरोपच्या इतिहासात फार क्वचित इतक्या मोठ्या प्रमाणावर दिसते. त्यांनी गावोगावच्या चर्चलाच किल्ल्याचे रूप दिले. अशी तटबंद चर्चे एके काळी तीनशेच्या घरात होती असे मानले जाते, आणि त्यांपैकी सुमारे दीडशे आजही उभी आहेत.

हे शेतकरी मूळचे या भूमीतले नव्हते. हंगेरीचा राजा गेझा दुसरा (कारकीर्द ११४१ ते ११६२) याने राज्याच्या विरळ वस्तीच्या आग्नेय सीमेवर शेती व्हावी आणि सीमेचे रक्षणही व्हावे, या दुहेरी हेतूने ऱ्हाइन व मोझेल नद्यांच्या परिसरातून आणि फ्लांडर्सकडून कुटुंबे बोलावून वसवली. पुढे या सर्वांना सरसकट ‘सॅक्सन’ हे नाव पडले. १२२४ मध्ये राजा अँड्र्यू दुसरा याने दिलेल्या सनदेने त्यांना आपले न्यायाधीश आणि धर्मगुरू स्वतः निवडण्याचा अधिकार मिळाला, आणि त्याच्या बदल्यात वर्षाला ५०० चांदीचे मार्क कर देणे व राज्यात युद्ध उभे राहिल्यास ५०० सैनिक पुरवणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. या सनदेचा पुढील इतिहासावर खोल ठसा उमटला, कारण बहुतेक सॅक्सन गावांवर कोणी सरदार किंवा जहागीरदार नव्हता. गाव स्वतंत्र होते, आणि स्वतंत्र असल्यामुळेच संकटकाळी आपल्या गढीत घेणारा धनीही त्याला नव्हता.

याची पहिली किंमत १२४१ मध्ये मोजावी लागली. त्या वर्षी मंगोल फौजांनी कार्पेथियन पर्वताच्या खिंडी ओलांडून ट्रान्सिल्व्हेनियातील वस्त्या उद्ध्वस्त केल्या. त्या काळची खेड्यांतील चर्चे साधी होती : जाड भिंती, लहान खिडक्या, पश्चिमेला एखादा मनोरा आणि भोवती फार तर दफनभूमीचे कुंपण. अचानक आलेल्या घोडदळाला अडवण्याचे सामर्थ्य त्यांत नव्हते. या संहारानंतर काही ठिकाणी जवळच्या टेकडीवर आश्रयकोट बांधले गेले; परंतु टेकडी गावापासून दूर असे, आणि म्हातारीकोतारी, पोरेबाळे, गुरेढोरे घेऊन तिथवर पोहोचण्याइतका अवधी शत्रू देईलच याची खात्री नसे.

१४ व्या शतकाच्या अखेरीपासून उस्मानी तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या आणि प्रश्नाचे स्वरूप बदलले. १३९५ मध्ये आग्नेयेकडील बुर्त्सेनलांड हा सुपीक भाग लुटला गेला, १४२१ मध्ये ब्राशोव शहराला जबर तडाखा बसला आणि १४३२ मध्ये पुन्हा स्वारी झाली. या स्वाऱ्यांचा हेतू दर वेळी मुलूख जिंकून ठेवण्याचा नसे. हलक्या घोडदळाच्या तुकड्या वेगाने येत, गावे जाळीत, धान्य व गुरे नेत आणि गुलामांच्या बाजारात विकण्यासाठी माणसे पकडीत. अशा टोळ्यांजवळ वेढा घालण्याच्या अवजड तोफा नसत आणि एका गावापुढे आठवडेच्या आठवडे अडकून पडणे त्यांना परवडत नसे. म्हणून गावकऱ्यांना मोठ्या फौजेचा पराभव करण्याची गरज नव्हती. काही दिवस, फार तर काही आठवडे, शत्रूला बाहेर थोपवून धरले तरी बहुतेक वेळा पुरेसे होते. खेड्यातल्या तटाचे सारे गणित या एका गोष्टीवर बसलेले आहे.

तयारी नसेल तर काय घडते, याचा साक्षात वृत्तांत १४३८ मध्ये पडलेल्या सेबेश या गावाविषयी उपलब्ध आहे. गावातील प्रमुखांनी शरणागतीचा करार केला, परंतु काही जणांनी तो नाकारून स्वतःला एका बुरुजात कोंडून घेतले, आणि हल्लेखोरांनी लाकडे रचून तो पेटवून दिला. त्यातून होरपळलेल्या अवस्थेत बाहेर काढलेला एक तरुण विद्यार्थी गुलाम म्हणून विकला गेला, सुमारे वीस वर्षांनी सुटला, आणि त्याने तुर्कांच्या चालीरीतींवर लॅटिनमध्ये लिहिलेला ग्रंथ सुमारे १४८१ मध्ये रोममध्ये छापला गेला. इतिहासात तो ‘हंगेरीचा जॉर्ज’ या नावाने ओळखला जातो, आणि १५३० मध्ये या ग्रंथाच्या एका आवृत्तीला धर्मसुधारक मार्टिन लूथरने प्रस्तावना लिहिली. सेबेशच्या त्या बुरुजात धैर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती आधी ठरवलेल्या योजनेची. कोणी कोठे जायचे, किती दिवस तग धरायचा, काय खायचे आणि कोणती बाजू कोणी सांभाळायची, या गोष्टी संकट दारात आल्यावर ठरवता येत नाहीत, हा धडा पुढच्या शंभर वर्षांत गावोगाव गिरवला गेला.

तटबंदीसाठी चर्चचीच निवड का झाली, याचे उत्तर व्यवहारात आहे. खेड्यातील ती बहुधा एकमेव भक्कम दगडी इमारत होती, ती गावाच्या मध्यभागी होती, घंटेसाठी बांधलेल्या मनोऱ्यावरून दूरवर नजर ठेवता येत होती, आणि मुख्य म्हणजे ती कोणा एकाची नव्हती, साऱ्या गावाची होती. प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र गढी बांधणे अशक्य होते. सर्वांनी मिळून एक बांधणे शक्य होते. मराठी वाचकाच्या परिचयाचे किल्ले बहुतांशी राजसत्तेने उभारलेले आहेत आणि त्यांच्या पोटात गडदेवतेचे देऊळ असते. ट्रान्सिल्व्हेनियात देऊळ आधी होते आणि किल्ला त्याच्याभोवती शेतकऱ्यांच्या वर्गणीतून व श्रमातून वाढला. कल्निक येथील उदाहरण तर अधिकच बोलके आहे. तेथे एका सरदार घराण्याचा निवासी बुरूज होता. तो १४३० मध्ये गावकऱ्यांनी विकत घेतला आणि सरदाराची गढी गावाचे आश्रयस्थळ झाली.

बांधकामाच्या साधारणपणे दोन पद्धती दिसतात आणि पुष्कळ ठिकाणी त्या एकत्र येतात. पहिल्या पद्धतीत चर्चच्या इमारतीला फारसा हात न लावता तिच्याभोवती एक, दोन किंवा तीन तट घातले जात आणि कोपऱ्यांवर व वळणांवर बुरूज उभारले जात. दुसऱ्या पद्धतीत चर्चच शस्त्रसज्ज केले जाई. उपासनेच्या दालनाच्या छतावर आणखी एक मजला चढवीत, त्याच्या भिंतींत बाण व बंदुका चालवण्यासाठी जंग्या ठेवीत, आणि भिंतीचा माथा बाहेर काढून त्याच्या तळाशी फटी सोडीत, म्हणजे खाली भिंतीला भिडलेल्या शत्रूवर थेट दगड टाकता किंवा उकळता द्रव ओतता येई. १४९३ नंतर बांधलेल्या सास्कीझच्या चर्चमध्ये हा लढाऊ मजला स्पष्ट दिसतो, आणि वाल्या वीइलोर येथील चर्च तर बाहेरून पाहणाऱ्यास उपासनागृहापेक्षा एखादा बुलंद बालेकिल्लाच वाटते. खाली वेदी आणि वर जंग्या, अशी ही रचना होती. प्रार्थना आणि पहारा यांच्यामध्ये केवळ एका छताचे अंतर होते.

या साऱ्या व्यवस्थेचे पूर्ण रूप ब्राशोवजवळच्या प्रेज्मेर या गावी पाहावयास मिळते. तेथील चर्चचा आरंभ १३ व्या शतकातला, ट्यूटॉनिक नाइट्स या लढवय्या धर्मसंघाच्या काळातला मानला जातो, तर भोवतालची तटबंदी १५ व्या आणि १६ व्या शतकांत उभी राहिली. तट सुमारे बारा मीटर उंच असून काही ठिकाणी त्याची जाडी चार-पाच मीटरपर्यंत भरते. आत जाण्यासाठी तटाला सरळ भोक पाडलेले नाही. सुमारे तीस मीटर लांबीच्या, कमानीने झाकलेल्या बोळातून जावे लागते, आणि वरून खाली सोडता येणारा जाळीचा दरवाजा त्या बोळाला अडवतो. तटाच्या माथ्याशी आतल्या बाजूने लढणाऱ्यांसाठी झाकलेली फिरती वाट आहे. तेथे ‘मृत्यूचे ऑर्गन’ नावाचे एक हत्यार वापरले जाई : एका फिरत्या फळीवर ओळीने बसवलेल्या अनेक नळ्या एकदम डागता येत, आणि एक बाजू डागून झाली की फळी उलटून दुसरी बाजू पुढे आणीत व रिकामी बाजू पुन्हा भरीत.

परंतु प्रेज्मेरचे खरे वैशिष्ट्य तटाच्या आतल्या बाजूस आहे. चर्चकडे तोंड करून, तटाला पाठ लावून, चार मजल्यांपर्यंत २७० हून अधिक खोल्या एकावर एक रचलेल्या आहेत, आणि लाकडी जिने व सज्जे त्यांना जोडतात. प्रत्येक खोली विशिष्ट कुटुंबाची असे. खोलीत ऐसपैस राहता येत नसे. अंथरूण, थोडी भांडी, धान्याची पेटी आणि माणसे कशीबशी मावत. तरीही सुमारे सोळाशे माणसांची सोय येथे होऊ शकत होती असे सांगितले जाते, म्हणजे अख्खे गाव तटाआड जाऊ शकत होते. एका खोलीत शाळाही भरे, जेणेकरून वेढा पडला तरी मुलांचे शिक्षण थांबू नये. शांततेच्या दिवसांत याच खोल्या कुटुंबांची कोठारे म्हणून वापरात असत आणि धान्य, सुकवलेले मांस व मौल्यवान वस्तू तेथेच ठेवल्या जात. या दुहेरी वापराचे महत्त्व मोठे आहे. संकटासाठी राखून ठेवलेली आणि एरवी बंद असलेली जागा काही वर्षांत मोडकळीस येते, तिचे कुलूप गंजते आणि तिची वाट विसरली जाते; रोजच्या कामाची जागा मात्र झाडलेली, शाकारलेली आणि तोंडपाठ असते. इशाऱ्याची घंटा वाजली तेव्हा कोणता जिना चढायचा हे प्रेज्मेरच्या लहान मुलालाही सांगावे लागत नसणार.

अन्नाची तजवीजही अशीच रोजच्या रिवाजात मुरलेली होती. पुष्कळ चर्चांच्या तटातील एक बुरूज डुकराच्या खारवलेल्या चरबीच्या लाद्या टांगण्यासाठी राखलेला असे. जाड भिंतींमुळे आतली हवा उन्हाळ्यातही थंड राही आणि हे खाद्य दीर्घकाळ टिके. प्रत्येक लादीवर त्या त्या कुटुंबाची खूण असे. विस्क्रीसारख्या गावी बुरुजाचे दार ठरलेल्या वेळी, सहसा रविवारी, उघडले जाई आणि घरटी माणूस येऊन आपल्या लादीतून आठवड्यापुरता तुकडा कापून नेई. शत्रू येवो न येवो, प्रत्येक कुटुंबाचा साठा तटाच्या आतच राही आणि दर आठवड्याला तो सर्वांच्या देखत तपासला जाई. दर्झिउ या हंगेरियनभाषक सेक्लर लोकांच्या गावातही तटाआड धान्य आणि चरबी साठवण्याची ही रीत अगदी अलीकडच्या काळापर्यंत चालू राहिली, यावरून ही पद्धत केवळ सॅक्सनांपुरती मर्यादित नव्हती हे दिसते.

दगड, जंग्या आणि कोठारे यांच्या मागे एक संस्था उभी होती आणि तिच्याशिवाय या तटांचा अर्थ लागत नाही. सॅक्सन गावे व शहरे शेजारमंडळांत विभागलेली असत. एका गल्लीतील किंवा भागातील घरे मिळून एक मंडळ होई, त्याचा निवडलेला प्रमुख ‘शेजारपिता’ म्हणवला जाई, आणि मंडळाचे लिखित नियम व हिशेब एका कुलूपबंद पेटीत ठेवलेले असत. विहिरी साफ करणे, आग विझवणे, घर बांधणाऱ्यास हात देणे, मृताची कबर खणणे, रात्रीचा पहारा देणे ही मंडळाची कामे होती. निरोप द्यायचा झाल्यास लाकडाची कोरलेली एक खूण घरोघर फिरवली जाई. ती ज्याच्या हाती येई त्याने निरोप ऐकून ती पुढच्या घरी पोहोचवायची, असा दंडक होता. वर्षातून एकदा मंडळाची बैठक भरे, चुकारांकडून दंड वसूल होई, आणि ज्यांच्यात भांडण असेल त्यांनी सर्वांसमक्ष समेट करावा अशी अपेक्षा असे. शहरांत असेच काम व्यवसायसंघ करीत. सिगिशोआराच्या तटावरील बुरूज आजही शिंपी, कल्हईवाले अशा त्या त्या व्यावसायिकांच्या नावाने ओळखले जातात, कारण तो बुरूज बांधणे, दुरुस्त ठेवणे आणि लढवणे ही त्यांची जबाबदारी होती.

ही व्यवस्था निर्दोष होती असे मात्र म्हणता येत नाही. तिच्या सामर्थ्याला एक मर्यादा पाण्याची होती. प्रेज्मेरने अनेक हल्ले परतवले, परंतु १६११ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाचा राजपुत्र गाबोर बाथोरी याच्या सैन्यापुढे ते पडले, आणि याचे कारण पाण्याची टंचाई हे सांगितले जाते. येथे हल्लेखोर दूरदेशीचा नव्हता. तो त्याच भूमीचा सत्ताधीश होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. दुसरी मर्यादा सामाजिक होती आणि ती अधिक गंभीर होती. १४३७ च्या शेतकरी उठावाच्या वेळी हंगेरियन सरदार, सेक्लर आणि सॅक्सन यांनी परस्परांत एक संरक्षण करार केला, आणि त्यात या भूमीवर मोठ्या संख्येने राहणाऱ्या रुमानियन लोकांना स्थान नव्हते. शेजारमंडळाची आपुलकी अस्सल होती, परंतु तिचा परीघ हक्कदार घरांपुरता आखलेला होता. तट माणसांना वाचवतो तेव्हा आतले कोण आणि बाहेरचे कोण हेही तोच ठरवतो. तटबंद चर्चांचा इतिहास लिहिताना ही बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल.

चर्चमधील मौल्यवान वस्तूंचे रक्षण हा या तयारीचा आणखी एक भाग होता. बिएर्तान येथे टेकडीवरील चर्चला तटांचे तीन वेढे आहेत, आणि आत धर्मगुरूंची वस्त्रे व पूजापात्रे ठेवण्याच्या खोलीला १५१५ चे एक दार आहे. त्याच्या कुलपाची यंत्रणा दाराच्या आतल्या बाजूस उघडी दिसते : किल्ली फिरवली की डझनाहून अधिक बोल्ट एकाच वेळी चौकटीत सरकतात. हे कुलूप १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात मांडले गेले होते. १६ व्या शतकाच्या मध्यास सॅक्सनांनी लूथरप्रणीत सुधारित पंथ स्वीकारला, १५७२ पासून १८६७ पर्यंत बिएर्तान हे त्यांच्या बिशपचे पीठ राहिले, आणि उपासनेची रीत बदलली तरी तट, कोठार आणि पहारा यांची रीत बदलली नाही.

१६९९ च्या कार्लोविट्झ येथील तहाने उस्मानी सत्तेने ट्रान्सिल्व्हेनियावरील हाब्सबुर्ग अंमल मान्य केला, आणि पुढे हाब्सबुर्ग सत्तेविरुद्ध उठलेल्या कुरुत्स बंडखोरांची धामधूमही ओसरल्यावर तटांची लष्करी गरज संपली. काही गावांनी तटाचे दगड शाळा व सभागृहे बांधण्यासाठी काढून नेले. बहुतेकांनी धान्य आणि चरबी ठेवण्यासाठी तट राखले. २० व्या शतकात मात्र या गावांवर असे आघात झाले, ज्यांच्यापुढे तट निरुपयोगी होते. जानेवारी १९४५ मध्ये काम करू शकणाऱ्या वयाच्या हजारो सॅक्सन स्त्रीपुरुषांना सक्तीच्या मजुरीसाठी सोव्हिएत संघात नेण्यात आले. रुमानियाच्या साम्यवादी राजवटीत पश्चिम जर्मनीकडून माणशी पैसे घेऊन त्यांना स्थलांतराची परवानगी दिली जाऊ लागली. आणि ही राजवट उलथवणारी १९८९ ची क्रांती झाल्यावर पुढच्या एक-दोन वर्षांत उरलेल्यांपैकी बहुसंख्य निघून गेले. बिएर्तान १९९३ मध्ये आणि आणखी सहा गावे १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये रोआदेश आणि रोतबाव या दोन गावांतील चर्चांचे मनोरे काही दिवसांच्या अंतराने कोसळले. शतकानुशतके टिकलेले बांधकाम कोणत्याही हल्ल्याशिवाय ढासळले, कारण कौले फिरवणारे आणि भेगा बुजवणारे हात तेथे पुरेसे उरले नव्हते.

प्रार्थनास्थळावरील हल्ल्यांचा प्रश्न आज पुन्हा तीव्र झाला आहे, आणि त्याची चर्चा बहुधा भिंती, दारे, कॅमेरे व पहारेकरी यांच्याभोवती फिरते. या साधनांचे मोल नाकारता येत नाही. जर्मनीतील हाले शहरात ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, योम किप्पुर या ज्यूंच्या पवित्र दिवशी, सिनेगॉगच्या बंद दाराने सशस्त्र हल्लेखोराला अडवले आणि आतल्या सुमारे पन्नास लोकांचे प्राण वाचले. परंतु दार न उघडल्यामुळे तो बाहेर वळला आणि त्याने दोन निरपराध माणसांना ठार केले. अमेरिकेतील कॉलीव्हिल येथील सिनेगॉगमध्ये १५ जानेवारी २०२२ रोजी लोकांना ओलीस धरणारा हल्लेखोर दार फोडून आला नव्हता, त्याला पाहुणा समजून आत घेतले गेले होते. तेथे ओलिसांची सुटका झाली ती रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, आधी घेतलेल्या प्रशिक्षणाच्या बळावर योग्य क्षण साधल्यामुळे. या दोन्ही प्रसंगांत ट्रान्सिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांना उमगलेली गोष्टच दिसते : तट आवश्यक असतो पण पुरेसा नसतो, आणि त्याला अर्थ येतो तो त्यामागच्या माणसांनी शांततेच्या काळात एकमेकांशी केलेल्या करारामुळे.

या गावांनी तयारीला भीतीचा विषय होऊ दिले नाही, हे त्यांचे सर्वांत मोठे कर्तृत्व होय. त्यांनी ती रविवारच्या फेरीत, धान्याच्या पेटीत, घरोघर फिरणाऱ्या लाकडी खुणेत आणि वर्षातून एकदा होणाऱ्या समेटाच्या बैठकीत गुंफली, त्यामुळे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली आणि प्रार्थनेचे घर छावणीसारखे रुक्षही झाले नाही. त्यांच्या परिघाबाहेर राहिलेल्यांची आठवण ठेवून आजच्या समाजांनी यातून घ्यावयाचा बोध असा की, दाराला अडसर घालण्यापूर्वी आतल्या प्रत्येकाला आपले काम ठाऊक असावे, शेजाऱ्याशी भांडण शिल्लक नसावे, आणि आश्रयाचा हक्क कोणाकोणाला आहे या प्रश्नाचे उत्तर पूर्वजांपेक्षा अधिक उदारपणे आधीच देऊन ठेवलेले असावे.